पुढचे टायर रुंद केले आणि गाडी सुधारली: एका दाव्याची तपासणी

पेटची तयारी करणाऱ्या दोघातिघांनी गेल्या महिन्यात मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. ‘एखाद्या अभ्यासाची चिकित्सा करा’ असं सांगितलं की नेमकं करायचं काय? नमुना लहान आहे, मर्यादा आहेत, पुढे आणखी संशोधन हवं, एवढं लिहून भागतं का? नाही भागत. ती तीन वाक्यं कुठल्याही शोधनिबंधाखाली चिकटवता येतात, त्यामुळे ती कुठल्याच निबंधाबद्दल काही सांगत नाहीत.

म्हणून आज एक फसलेला अभ्यास घेऊन बसूया. तो कुठे छापून आलेला नाही. तो माझ्या वहीत आहे, कारण तो मीच केला होता. विषय आहे जुन्या गाडीला पुढे रुंद चाकं आणि रुंद टायर बसवण्याचा. गाड्यांत तुम्हाला रस नसला तरी वाचा. इथे झालेल्या चुका मी समाजशास्त्राच्या सिनॉप्सिसमध्येही पाहिल्यात.

गाडी आणि वही

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास. आयुष्यभर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये नोकरी केली आणि तिथेच बनलेली प्रीमियर पद्मिनी अजून जपून ठेवली आहे. तरुण वाचकांसाठी थोडक्यात: ही मुळात फियाट ११०० डिलाइट. १९६४पासून आपल्याकडे बनायला लागली, ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ साली मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ४० अश्वशक्ती, वजन ९०० किलोच्या आतबाहेर. इंजिन पुढे, पण ओढ मागच्या चाकांना. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी. टायर ५.२०–१४, म्हणजे १४ इंची रिमवर जेमतेम सव्वापाच इंच रुंदीचा. आजच्या डोळ्यांना तो स्कूटरच्या टायरपेक्षा थोडासाच जाड वाटतो.

काकांच्या भाच्याला नेमकं तेच खटकायचं. त्याने ठाण्यातल्या एका दुकानातून पुढच्या दोन चाकांसाठी साडेपाच इंची रुंद अलॉय रिम आणि १८५/६५ आर १४ मापाचे टायर आणून बसवून दिले. फक्त पुढचे दोन. मागच्यांचे पैसे दिवाळीनंतर, असं ठरलं. मग काका माझ्याकडे आले. “अगं, तू गाड्यांवरच पीएचडी करतेयस ना? हे चांगलं झालं की वाईट, तेवढं बघून सांग.”

मी बघितलं. टायर बदलायच्या आदल्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाने तीनदा ब्रेक मारून खडूने खुणा केल्या होत्या. बदलल्यानंतरच्या रविवारी तेच पुन्हा केलं. गाडी आधीपेक्षा पाऊलभर अलीकडे थांबली. वहीत लिहिलं: ‘पुढचे टायर रुंद केल्याने ब्रेकिंग सुधारलं.’ काकांनाही तेच सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला.

ऑगस्टमध्ये एका पावसाळी संध्याकाळी कल्याण–शीळ रस्त्यावरच्या वळणावर पुढे रिक्षा आडवी आली म्हणून काकांनी ब्रेक मारला. पुढचा भाग वळला तिकडे बरोबर गेला, मागचा भाग मात्र बाहेर फेकला गेला आणि गाडी अर्धी गिरकी घेऊन दुभाजकाला टेकली. मागच्या सीटवर त्यांचा नातू होता. कोणाला खरचटलंही नाही. दोन दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा काका मला काही बोलले नाहीत. मी घरी येऊन वही उघडली.

आता हा अभ्यास तुमच्याकडे परीक्षणासाठी आलाय असं समजा आणि माझ्याबरोबर वाचा.

पहिला प्रश्न: नेमकं काय बदललं?

माझ्या वाक्यात कारण एकच आहे: रुंदी. प्रत्यक्षात त्या एका शनिवारी किती गोष्टी बदलल्या ते मोजू.

टायरची रुंदी बदलली. रिम बदलली, आणि तिच्याबरोबर चाकाचा मध्य बाहेर सरकला. टायर जुना होता, तो नवा झाला, म्हणजे रबर ताजं आणि नक्षी खोल. रबराचं मिश्रण बदललं. टायरची बांधणी बदलली, याकडे मी पुढे येते कारण सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. हवेचा दाब बदलला असणार, पण दुकानदाराने किती भरली ते मी विचारलंच नाही. आणि चाकं काढलीच आहेत म्हणून मेकॅनिकने ड्रम साफ करून ब्रेकचे शू अॅडजस्ट करून दिले. हे शेवटचं मला कधी कळलं? दोन महिन्यांनी, बिल बघताना.

सात बदल आणि एक निष्कर्ष. ब्रेकिंग सुधारलं त्यात शू अॅडजस्ट केल्याचा वाटा किती? माझ्या वहीवरून सांगता येत नाही. कदाचित सगळा वाटा त्याचाच असेल.

त्याहून मूलभूत एक गोष्ट सुटली होती. टायरची पकड ब्रेकिंगच्या अंतरावर परिणाम करते ती चाक लॉक होण्याच्या टोकाला. ड्रमने चाक त्या टोकापर्यंत नेलंच नाही, तर गाडी कुठे थांबेल हे ड्रम ठरवतो आणि पाय ठरवतो. माझ्या सहापैकी एकाही खेपेला चाक लॉक झालं का, रस्त्यावर काळा ओरखडा उठला का, याची नोंद नाही. म्हणजे मी टायर मोजत होते की काकांचा उजवा पाय, हेच नक्की नाही. आणि दुसऱ्या रविवारी काकांना माहीत होतं की नवे टायर आहेत. भरवसा वाढला की पाय जोरात पडतो.

कुठलाही निबंध वाचताना हा प्रश्न पहिल्यांदा विचारा: लेखकाने ज्याला कारण म्हटलंय, त्याच्यासोबत गुपचूप आणखी काय काय आत आलंय? नवी शिकवण्याची पद्धत आणली आणि निकाल सुधारला, असं म्हणणाऱ्या अभ्यासात त्याच वर्षी शिक्षकही नवे आले होते का?

दुसरा प्रश्न: यंत्रणा पटते का?

‘रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, म्हणजे जास्त पकड.’ हे वाक्य ठाण्याच्या कुठल्याही टायरच्या दुकानात ऐकायला मिळेल. त्याला उत्तर म्हणून अकरावी–बारावीचं भौतिकशास्त्र झालेला पोरगा म्हणतो, ‘घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा नियम आहे.’ दोघंही ठामपणे बोलतात आणि दोघंही अर्धवट बरोबर आहेत.

आधी दुकानदार. टायर रस्त्याला टेकतो त्या ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: चाकावरचं वजन आणि आतला हवेचा दाब. पद्मिनीत दोन माणसं बसली की पुढच्या एका चाकावर साधारण २५० किलो भार येतो असं धरू. दाब २४ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलो. भागाकार करा: जवळपास १५० चौरस सेंमी. टायरच्या कडेचा ताठपणा थोडा भार उचलतो म्हणून हा आकडा ढोबळ आहे, पण विचार करायला पुरेसा आहे. आता टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर? भार तोच, दाब तोच, क्षेत्रफळही जवळपास तेच. बदलतो तो आकार. आधी १० सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब असलेला ठसा आता समजा १४ सेंमी रुंद आणि जेमतेम ११ सेंमी लांब होतो. ‘जास्त रबर रस्त्यावर’ हे म्हणूनच जसंच्या तसं खरं नाही. उलट दाब २४वरून २०वर आणला तर टायर न बदलताही क्षेत्रफळ वीस टक्क्यांनी वाढतं.

आता अकरावीचा पोरगा. तो सांगतोय तो नियम आमाँताँ यांनी १६९९ साली मांडला आणि कूलाँ यांनी पुढे १७८५ साली पक्का केला. लाकूड, धातू अशा कठीण वस्तूंना तो बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मऊ आणि लवचीक असतं. ते रस्त्याच्या खडबडीत खाचांत शिरतं, दबतं, परत फुलताना ऊर्जा खातं. रबरावर दाब वाढत गेला की घर्षणांक कमी होत जातो. म्हणून भार नीट पसरवणाऱ्या ठशाचा थोडा फायदा खरोखर होतो, आणि आडव्या, आखूड ठशाचा टायर वळणावर कमी सरकतो. फायदा आहे, पण दुकानदार म्हणतो तेवढा नाही, आणि तो म्हणतो त्या कारणाने तर नाहीच.

नियम पाठ असणं पुरत नाही, तो कुठल्या वस्तूंवर तपासला गेला होता हेही माहीत हवं. गाईडने व्हायवात हे विचारलं आणि माझी दातखीळ बसली, तेव्हापासून हे लक्षात आहे.

‘रुंद टायरमुळे स्टीअरिंग जड झालं’ या तक्रारीचंही तसंच. काकांचीही ती होती. आमच्या पार्किंगमध्ये गाडी दोन खांबांच्या मध्ये घालताना त्यांना दम लागायचा. पद्मिनीला पॉवर स्टीअरिंग नाही. पण उभ्या गाडीत चाक वळवायला किती जोर लागतो, त्याचं जे जुनं ढोबळ सूत्र आहे त्यात भार येतो, दाब येतो, घर्षणांक येतो. रुंदी स्वतंत्रपणे येत नाही. २४चा दाब २० झाला असेल तर त्या सूत्राप्रमाणे जोर सुमारे दहा टक्क्यांनी वाढेल, आणि नवं, चिकट रबर त्यात भर घालेल. म्हणजे गुन्हेगार हवा असू शकते. मी दाब लिहून ठेवला असता तर आज सांगू शकले असते. मापनाच्या वेळी जी गोष्ट क्षुल्लक वाटते तीच नंतर निर्णायक ठरू शकते, आणि तेव्हा ती विकत मिळत नाही. वहीत हवा, तापमान, वेळ, कोण चालवत होतं, सगळं लिहा.

रिमबद्दल मात्र गंभीर मुद्दा आहे. समजा मूळ रिम चार इंच रुंद होती आणि नवी साडेपाच. आतल्या बाजूला सस्पेन्शन असल्याने वाढलेला दीड इंच सगळा बाहेर गेला. मग चाकाचा मध्य पाऊण इंच, म्हणजे सुमारे दोन सेंमी, बाहेर सरकतो. चाक ज्या तिरक्या आसाभोवती वळतं तो आस जमिनीला जिथे भेटेल तो बिंदू आणि ठशाचा मध्य, यांच्यातलं अंतर आधी दोन सेंमी होतं असं धरलं तर ते आता चार झालं. ही तरफ आहे. डाव्या–उजव्या ब्रेकची पकड सारखी नसेल, किंवा एकच चाक खड्ड्यात आपटलं, तर हातात येणारा हिसका त्याच तरफेने दुप्पट होतो. आणि ड्रम ब्रेक पाण्यातून गेल्यावर एका बाजूला आधी पकडतात, हे जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोंबिवलीच्या जुलै महिन्यातल्या रस्त्यावर पाणी आणि खड्डा वेगळे काढता येत नाहीत. माझी चाचणी कोरड्या, सपाट रस्त्यावर झाली होती.

तिसरा प्रश्न: लपलेलं कारण कुठलं?

आता त्या बांधणीकडे येऊ. पद्मिनीचे मूळ टायर क्रॉसप्लाय. त्यात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. आजचे जवळपास सगळे कारचे टायर रेडियल: दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे आणि वर नक्षीखाली पट्टा. मिशलॅंने १९४६ साली याचं पेटंट घेतलं. रेडियलची बाजू मऊ असते, पण वरचा पट्टा ताठ, त्यामुळे वळणावर तोच आडवा जोर पेलताना तो कमी सरकतो. क्रॉसप्लायला तोच जोर पेलायला जास्त तिरकं व्हावं लागतं.

काकांच्या गाडीत पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय होते. वळणावर पुढचा भाग घट्ट धरून वळतो, मागच्याला मात्र तेवढाच जोर पेलायला जास्त सरकावं लागतं. त्यात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही कमी होते. मागचा भाग बाहेर येतो. शिळफाट्याच्या बाजूला त्या संध्याकाळी जे दिसलं ते याच्याशी जुळतं. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी जोडी रस्त्यावर चालवणं कायद्याने मना आहे. म्हणजे ही काही नवी माहिती नव्हती. मी ‘रुंदी’ हा शब्द घेऊन वाचायला बसले, म्हणून मला फक्त रुंदीबद्दलचं सापडलं. साहित्य–आढावा घेताना आपण निवडलेला शब्दच आपल्याला आंधळं करू शकतो, हे मी तेव्हा शिकले.

पण इथे स्वतःवरच्या रागाच्या भरात मी दुसरी घाई करायला निघाले होते. ‘टायरच्या जोडीमुळे गाडी फिरली’ हे मी सिद्ध केलंय का? नाही. घटना एक आहे. रस्ता ओला होता. मागचे टायर झिजलेले होते. नुसत्या झिजेनेही मागचा भाग सुटू शकतो. मला एवढंच म्हणता येतं: यंत्रणा माहीत आहे, धोका आधीपासून नोंदलेला आहे, आणि घटना त्याला विसंगत नाही. गाडी चालवावी की नाही हे ठरवायला तेवढं पुरेसं आहे. निबंधात ‘कारण’ म्हणून लिहायला पुरेसं नाही. पुराव्याचा हा उंबरठा दोन कामांसाठी वेगवेगळा असतो, हे विसरू नका.

चौथा प्रश्न: हे ज्ञान कुठून आलं?

भाच्याची बाजूही ऐकूया. त्याने हे मनाने केलं नव्हतं. त्याने पुष्कळ वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते आणि सगळीकडे एकच सल्ला होता: जुन्या गाडीला पुढे रुंद टायर टाका, ती वळायला लागेल. हा सल्ला खोटा नाही. तो कुठल्या गाडीसाठी आहे ते पाहायचं राहिलं.

तो मुख्यतः अमेरिकन मसल कारसाठी आहे. अनेक जण जिला पहिली मसल कार मानतात ती १९६४ची पाँटिअॅक जीटीओ घ्या. ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लीटरचं व्ही-८ इंजिन, कागदावर ३२५ अश्वशक्ती. ते लोखंडी धूड पुढच्या चाकांवर बसलेलं. अशी गाडी वळणावर नाक बाहेर काढत सरळ जायला बघते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना या वागण्याला नावं दिली: पुढचा भाग आधी सरकतो ती अंडरस्टीअर, मागचा आधी सरकतो ती ओव्हरस्टीअर. पुढून जड असलेल्या गाडीला पुढे रुंद टायर घातले की पुढची पकड वाढते, तोल सुधारतो आणि ती खरंच वळायला लागते. मागची पकड तिथे बऱ्याचदा आधीच वाढवलेली असते, कारण तीनशे अश्वशक्ती रस्त्यावर उतरवायच्या असतात.

पद्मिनीचा आजार तो नाहीच. ४० अश्वशक्ती, हलकं इंजिन, मागे पाट्याच्या स्प्रिंगांवर आडवा आस. जिथे पुढचा भाग दुबळा आहे तिथलं औषध आपण अशा गाडीला दिलं जिच्यात पुढे–मागे बऱ्यापैकी समतोल होता. म्हणून ‘पुढचे टायर रुंद करावेत का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न: कुठल्या गाडीला, आणि मागे काय आहे?

शिवाय त्या परदेशी सल्ल्यातही तीच गल्लत आहे. साठच्या दशकातल्या त्या गाड्याही तिरक्या थरांच्या टायरवर निघाल्या होत्या. आजचा हौशी मालक रुंद टायर घालतो तेव्हा तो रेडियलही घालतो, नवं रबरही घालतो, बहुधा सस्पेन्शनचे बुशही बदलतो, आणि मग सांगतो की रुंदीने जादू केली. माझ्या वहीतली चूकच तिथे मोठ्या प्रमाणावर झालेली आहे.

आणि सांगतो कोण? ज्याचं जमलं तो. ज्याचा टायर पूर्ण वळणावर मडगार्डला घासला, त्याने मुकाट्याने जुने टायर परत बसवले आणि विषय संपवला. आपल्याकडे तर पद्मिनीचा नमुनाही आता बदललाय. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून गेल्या. दिवसरात्र त्या चालवणाऱ्या टॅक्सीवाल्यांचं ज्ञान गोळा करायची वेळही त्यांच्याबरोबर निघून चाललीय. उरल्यात त्या मुख्यतः हौसेने सांभाळलेल्या गाड्या, रविवारी बाहेर निघणाऱ्या. त्यांच्या अनुभवावरून रोजच्या वापराबद्दल बोलणं धोक्याचं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. काकांच्या ओळखीच्या कल्याणच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने टायर बदलल्याच्या आठवड्यातच म्हटलं होतं, “दोनच बदलायचे तर मागे टाका, पुढे नको.” कारण विचारल्यावर तो म्हणाला, “पुढचं घसरलं तर हातात कळतं. मागचं घसरलं की कळेपर्यंत उशीर.” मी ते ‘ऐकीव’ म्हणून वहीत घेतलं नाही. आज मला ते त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं विधान वाटतं. मात्र त्याच मेकॅनिकने ‘रुंद टायरने किलोमीटरचा काटा चुकतो’ असंही सांगितलं होतं, आणि ते इथे चूक आहे: पद्मिनीचा काटा गिअरबॉक्सवरून, म्हणजे मागच्या चाकांच्या हिशोबाने चालतो. पुढच्या टायरचा त्याच्याशी संबंध नाही. अनुभवी माणसाचं सगळं फेकू नये आणि सगळं गिळूही नये. प्रत्येक विधान वेगळं तपासावं.

पाचवा प्रश्न: भीतीसुद्धा तपासली का?

रुंद टायरच्या विरोधकांचं आवडतं हत्यार म्हणजे पाण्यावर तरंगणं. पाण्याचा थर टायरला रस्त्यावरून उचलतो आणि स्टीअरिंग निकामी होतं. यासाठी सगळीकडे एक सूत्र फिरवलं जातं: दाबाचं वर्गमूळ घ्या, त्याला ठरावीक आकड्याने गुणा, धोक्याचा वेग मिळतो. २४ पीएसआयला तो ताशी ८० किमीच्या किंचित वर येतो, २० पीएसआयला ७५च्या आसपास. हे सूत्र नासाच्या १९६३च्या अहवालातून आलंय आणि त्याची मुळं विमानांच्या टायरवरच्या प्रयोगांत आहेत. त्यात रुंदी येतच नाही! म्हणजे रुंदीच्या विरोधात ते वापरणारे लोक ज्या सूत्राचा दाखला देतात ते रुंदीबद्दल मौन आहे. ठशाचा आकार धरणाऱ्या सुधारणा नंतर आल्या, आणि आखूड–रुंद ठशाला धोका लवकर, हे बरोबर आहे. पण त्या संध्याकाळी कल्याण–शीळ रस्त्यावर काकांचा वेग तीसच्या आतबाहेर होता. भिवंडी बायपासवर किंवा रात्रीच्या मोकळ्या घोडबंदर रोडवर ही भीती रास्त ठरेल. आमच्या घटनेचं स्पष्टीकरण ती नाही. आपल्या बाजूचा युक्तिवाद आहे म्हणून कच्चा पुरावा चालवून घ्यायचा नाही.

मग कसं करायला हवं होतं?

तुम्ही असता तर कसं केलं असतंत, ते पुढे वाचण्याआधी कागदावर लिहा. माझं उत्तर असं.

आधी ब्रेकचे शू अॅडजस्ट करून घ्यायचे आणि मग त्यांना हात लावायचा नाही. मोजणीच्या आधी प्रत्येक वेळी थंड टायरमध्ये ठरलेला दाब भरायचा. रुंदी तपासायची तर रुंद आणि अरुंद दोन्ही टायर रेडियलच, दोन्ही नवे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे. रिमचा परिणाम वेगळा तपासायचा. चारही चाकांना एकच जोडी, मग फक्त पुढे, अशा दोन फेऱ्या. क्रम चिठ्ठी टाकून ठरवायचा आणि शेवटी पहिली स्थिती परत आणून मोजायची. आकडे परत पूर्वीसारखे आले नाहीत तर मधल्या फरकावर विश्वास ठेवायचा नाही. चालकाला कुठले टायर लागलेत ते सांगायचं नाही. आत बसल्यावर ते दिसत नाहीत, त्यामुळे हे सहज जमतं. आणि सरळ रेषेतल्या ब्रेकऐवजी ज्याची काळजी आहे तेच मोजायचं: ओल्या, बंदिस्त जागेत, कमी वेगात, ठरलेल्या वर्तुळावर गाडीचा कुठला भाग आधी सरकतो. मी सोपं होतं ते मोजलं आणि महत्त्वाचं होतं त्याबद्दल बोलले.

कायद्याचा प्रश्नही आधीच बघायला हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मध्ये वाहनातल्या फेरबदलांवर बंधनं आहेत, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांतही गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. काकांची गाडी एमएच-०५च्या पुस्तकात आहे आणि काही वर्षांनी त्यांना तिकडे जायचंय. दुसऱ्याच्या वस्तूवर प्रयोग करताना त्याच्या कागदपत्रांचं काय होईल, हाही संशोधनाच्या नीतीचाच भाग आहे.

शेवटी

गाडीचं काय झालं? काकांनी रुंद चाकं उतरवली. आता चारही चाकांना मूळ रिमवर एकाच मापाचे अरुंद रेडियल आहेत, २४ पीएसआय, आणि दाबाची नोंद ते स्वतः एका डायरीत ठेवतात. पार्किंग पुन्हा जमायला लागलंय. यावरून ‘अरुंद टायर चांगले’ असं मी लिहिणार नाही, कारण या वेळीही एकदम चार गोष्टी बदलल्या.

वहीतलं जुनं वाक्य मी खोडलं नाही, त्याखाली नवं लिहिलं: ‘एका पद्मिनीला पुढे नवे, रुंद, रेडियल टायर व रुंद रिम बसवल्यानंतर आणि त्याच वेळी ब्रेक अॅडजस्ट केल्यानंतर, दाब न नोंदवता, कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किमीला तीन खेपांत थांबण्याचं अंतर किंचित कमी दिसलं, वळणावरच्या किंवा ओल्या रस्त्यावरच्या वागण्याबद्दल यावरून काहीही म्हणता येत नाही.’ वाक्य लांबलचक आहे, ऐकायला कंटाळवाणं आहे. पण हे वाक्य मी काकांना सांगितलं असतं, तर नातवाला घेऊन पावसात निघण्याआधी त्यांनी मला निदान एक प्रश्न तरी विचारला असता.

काकांना मी हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे तुलाही माहीत नव्हतं, एवढंच ना? ते तेव्हाच सांगायचंस.”

तुमच्या सिनॉप्सिसमधलं मुख्य विधान घ्या आणि त्याच्याखाली असंच एक लांब वाक्य लिहून बघा. दोन्हींतलं अंतर जिथे सगळ्यात जास्त दिसेल, तिथून समितीचे प्रश्न सुरू होतील.